ओतलेली माफी

पोकुआ सभेत उभी राहिली तेव्हा पाठीवरचं बाळ नुकतंच झोपलं होतं. तिनं कापडाची गाठ छातीशी घट्ट केली. मागे तिच्यासारख्याच दोघी लेकरं पाठीला बांधून बसल्या होत्या. पोकुआ शाळेत मुलींची पुढारी होती. पोट दिसू लागलं आणि हेडमास्तरांनी तिला काढलं. आज शाळा मिळाली तर तिघींना, नाहीतर कुणालाच नाही.

"आली बघा लेकुरवाळी विद्यार्थिनी!" कुणीतरी खिदळलं.

मोठ्या छत्रीखाली गावचे राजे, नाना, बसले होते. त्यांच्याशी थेट बोलायची रीत नाही. प्रत्येकाचं बोलणं सोन्याच्या काठीवाल्या बोआहेनच्या तोंडून जायचं. आणि बोआहेन म्हणजे बाळाच्या बापाचा आजोबा.

"माझ्या बाळाचा बाप अजून पहिल्या बाकावर बसतो," पोकुआ म्हणाली. "त्यालाही काढा, नाहीतर आम्हाला आत घ्या. मी भीक मागत नाहीये."

बोआहेननं चपलेला लागलेल्या घाणीकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. मग वळून साखरेच्या आवाजात म्हणाला, "नाना, चुकलेली पोर पाया पडतेय. माफी मागतेय."

"खोटं! मी असं बोललेच नाही!"

"गप, कार्टे!" बोआहेन खेकसला. "काठीवाला बोलला तेच तू बोललीस."

सभा फिदीफिदी हसली. हेडमास्तर सगळ्यांत मोठ्यानं. बाळ दचकून रडू लागलं. पोकुआनं हात मागे नेऊन त्याचे इवलेसे तळपाय थोपटले.

पोकुआचे शब्द नानांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. ते बोआहेनकडे वळले. "माफी मागितली? दिली. तिघींना. ओत."

बोआहेनचा चेहरा उतरला. राजानं माफी दिली की दारू जमिनीवर ओतून पूर्वजांना साक्षी ठेवायचं; मग तो गुन्हा कुणी पुन्हा उकरायचा नाही. आणि ओतायचं काठीवाल्यानंच.

त्यानं ओतली. माती काळी झाली.

न मागितलेली माफी पोकुआला नको होती. तरी ती पुढे सरसावली. "आजोबा, नानांना विचारा. गुन्हाच उरला नाही, मग शाळेचं दार बंद कशाला?"

पूर्वज साक्षी असताना ते शब्द गिळायची सोय नव्हती. बोआहेननं दातओठ खात विचारलं.

"सोमवारी उघडेल," नाना म्हणाले. हेडमास्तरांचं हसू वाळलं.

निघताना बोआहेन तिच्या कानाशी फिस्कारला, "उपकारावर शिकशील, भिकारडे!"

"तुमच्या पणतूला घेऊनच शिकेन," पोकुआ बाळाला सावरत म्हणाली. "पहिल्या बाकावर. त्याच्या बापाशेजारी."