सत्तेचाळिसाव्या पानावरची फुई

पाचोऱ्याच्या शालिग्राम मास्तरांना कागदाशिवाय काही म्हणजे काही पटत नसे. तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात इतिहास शिकवला. भिल्लांचं बंड शिकवायला घेतलं की असे गर्जायचे, की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर मुकाट्यानं खिडकी लावून घेत. पण गर्जना संपली की बोट वर करून सांगायचे, "हे मी म्हणत नाही, कागद म्हणतो."

निवृत्तीनंतर घराण्याचा इतिहास लिहायला घेतला, तोही याच खाक्यानं. चुलतभाऊ जीवराम मोठ्या हौसेनं सांगत आला, की आपला खापरपणजा सातपुड्यात बंडवाल्यांच्या बाजूनं लढला होता. मास्तर म्हणाले, कागद आण. आता खापरपणजा गेला होता लढायला, पावती घ्यायला नव्हे! पण मास्तरांनी त्याला बंडातून काढून थेट घरी बसवला. जीवरामनं बोलणं टाकलं. मास्तरांना वाईट वाटलं, दोन दिवस जेवण गेलं नाही, पण ती ओळ काही त्यांनी परत घातली नाही. माणूस असा हट्टी, आणि मनानं लोण्याहून मऊ.

एकोणनव्वदच्या दिवाळीत पुस्तक छापून आलं. दीडशे पानं, कापडी बांधणी. मास्तरांनी ते गल्लीभर मिरवलं, लग्नाकार्यात वाटलं. आणि पंधरा दिवसांनी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून पोस्टकार्ड आलं.

'धुळ्याच्या लग्नात आपले पुस्तक मिळाले. पान सत्तेचाळीसवर आमची माय तानुबाई वारली आहे. ती आत्ता ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे. विचारते, आता दुसऱ्यांदा कधी मरू? आपला, रुपचंद.'

मास्तरांनी घाईघाईनं पान सत्तेचाळीस उघडलं. तानुबाई म्हणजे त्यांच्या वडिलांची, झुलालआबांची, चुलत बहीण. आत्याला खानदेशात फुई म्हणतात, तशी ही मास्तरांची फुई. त्यांनी लिहिलं होतं, 'कै. तानुबाई, मृत्यू १९४३'. आणि त्याला पुरावा होता! आबांच्या ट्रंकेत त्या सालचं, कोपरा फाडलेलं कार्ड निघालं होतं, 'सौ. तानुबाई देवाघरी गेली.' कोपरा फाडलेला म्हणजे मरणाची बातमी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण असलं कार्ड कुणी घरात ठेवत नाही, वाचलं की फाडून टाकतात. आबांनी हे एवढं का जपलं असेल, हा प्रश्न इतिहासाच्या मास्तरांना पडलाच नाही. पुरावा सापडला की भल्याभल्यांची अक्कल अशी रजेवर जाते.

"पत्रबित्र लिहू नका," बायको यशोदाबाई म्हणाल्या. "स्वतः जा आणि पाया पडा."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"दुसरं आहे का तुमच्याजवळ? आहे त्याच तोंडानं जा."

जित्याजागत्या म्हातारीला आपण छापून मारलं, हे मास्तरांना खाऊ लागलं. फुईनं तोंड फिरवलं तर उरलेल्या सगळ्या प्रती गिरणा नदीत सोडायच्या, असं मनाशी ठरवूनच ते निघाले. चाळीसगावला गाडी बदलली, धुळ्याहून यष्टी धरली, आणि टळटळीत दुपारी रुपचंदच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. फुई शेंगांच्या ढिगाशी बसलेली होती.

"कोन शे रे?"

"मी शालिग्राम. झुलालआबांचा मुलगा."

फुईनं डोळ्यांवर हात धरून त्यांना खालीवर न्याहाळलं. "माले मारनारा तूच का?"

मास्तर पायांवर वाकले, ते उठेचनात.

"ऊठ रे भाऊ. मरेल मानूसना पाया कोनी पडस का?"

रुपचंदनं पाणी आणून दिलं. मास्तरांनी पिशवीतून ते जुनं कार्ड काढलं आणि आपली चूक कशी झाली ते सांगितलं. फुईला अक्षर कळत नव्हतं, पण फाटका कोपरा तिनं बोटानं चाचपला आणि बोळक्या तोंडानं खुदुखुदु हसू लागली.

"हाई तं कावळानं कार्ड शे रे!"

त्या साली खळ्यात कावळा तिच्या डोक्याला शिवला होता. कावळा शिवला की मरण जवळ आलं म्हणतात. त्याला उतारा एकच. माहेरी मेल्याची खोटी बातमी पाठवायची, माहेरच्या माणसानं ती खरी समजून रडायचं, म्हणजे मरण आल्या पावली परत जातं. मग दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवायचं. फुईच्या मालकांनी तशी दोन कार्डं टाकली होती. ही रीत मास्तरांना माहीत नव्हती असं नाही, त्यांच्या गल्लीतही असं दोनदा झालं होतं. पण कार्ड हातात आलं आणि कावळा त्यांना आठवलाच नाही.

"मग नंतर तुम्ही कधी आल्या कशा नाहीत, फुई?"

फुईनं सांगितलं ते साधंच होतं. पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आतच झुलालआबा तापानं गेले. मास्तरांची आई पोरांना घेऊन पाचोऱ्याला आपल्या भावाकडे राहायला गेली. आखाजीला फुईला माहेरी न्यायला मुराळी येईना. तीन वर्षं तिनं वाटेकडे डोळे लावले, चौथ्या वर्षी संसाराच्या रगाड्यात तेही सुटलं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. मुराळी म्हणून जायला तेवढं वय पुष्कळ झालं.

फुईचे हात शेंगांवर थांबले. तिनं रुपचंदकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"एक सांगशी का रे? तुन्हा बाप रडना व्हता का?"

मास्तरांनी मान वर केली.

"तुन्ही माय रडनी व्हई. बाया रडतीसच. पन झुलालभाऊ मोठा कठीन मानूस. मंग त्यानी भेटच झायी नही. सेहेचाळीस वरीस झायात, कोनले विचारू?"

मास्तरांपुढे कार्ड आलं त्या दिवशीचा गोठा उभा राहिला. वैरण टाकायला ते आत गेले, तर आबा बैलाच्या गळ्यात हात टाकून उभे, अंग गदगदत होतं, टोपी खाली शेणात पडलेली. पोराला पाहून आबांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "कोनले सांगू नको." मास्तरांनी ते आईला सांगितलं नव्हतं, यशोदाबाईंना सांगितलं नव्हतं, पुस्तकातही घातलं नव्हतं. दुसरं कार्ड आल्याचं त्यांच्या कानावर कधी आलंच नाही, आणि फुईबद्दल कुणाला विचारावंसं त्यांना वाटलं नाही ते या रडण्यामुळेच. असा बाप असा रडला, तर ती गेलीच असणार.

"रडना व्हता, फुई," मास्तर म्हणाले. शाळेतली भाषा त्यांच्या नकळत गळून पडली होती. "गोठाम्हा, बैलना गळाले मिठी मारीसन रडना. मी मन्हा डोयांनी देखं. कोनले सांगू नको म्हने तो, म्हनीसन आजलोंग सांगं नही."

 फुईनं पदरानं डोळे पुसले, ते भरले, पुन्हा पुसले. मास्तरांनाही आवरेना. मग तिनं टरफलांच्या धुळीनं भरलेला आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"मंग बरोबर शे," ती म्हणाली. "त्यानामुळेच मी जित्ती शे."