खुर्चीला टांगलेली हजेरी

मी एक स्वेटर बोलतोय. करडा, कोपरांवर झिजलेला आणि सध्या डोक्यात तिडीक गेलेला. स्वेटरला कसलं डोकं, म्हणाल. असू दे. ज्यांना आहे ते तरी कुठे वापरतात?

भाचीला नोकरी लागली तेव्हा मावशीने मला विणलं. "ऑफिसात एसीचा गारठा फार असतो म्हणे," म्हणाली. भाची पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. काही वर्षं मी तिला इमानेइतबारे ऊब दिली.

मग कारखान्याच्या फळ्यावर नोटीस लागली. आठवड्यातून दोन तास, कामाच्या वेळेतच, शाळेत शिकवायला जा. फक्त आपल्या साहेबांची संमती घ्या. कारखान्यामागच्या शाळेत आठवीला गणिताचे सरच नव्हते आणि परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आली होती. भाची लगेच साहेबांकडे गेली.

"उत्तम कल्पना आहे," साहेब म्हणाले. "बघू पुढच्या आठवड्यात."

तो पुढचा आठवडा काही उगवेना. तिकडे पोरं ताटकळलेली. शेवटी एका बुधवारी तिने मला खुर्चीच्या पाठीवर अडकवलं आणि मागच्या जिन्याने शाळा गाठली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई चहाला गेल्यात. मग दर बुधवारी हेच. ऊब द्यायला जन्मलेल्या माझं बुजगावणं झालं.

आम्हाला वाटायचं, साहेबांना पत्ता नाही. कसलं काय! एकदा मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई पाहणीला आल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या मॅडम आत्ता शाळेत शिकवतायत. मीच पाठवतो." माझा धागा न धागा पेटला. म्हणजे या गृहस्थाला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

पुढच्याच बुधवारी एक ड्रॉइंग तातडीने हवं झालं. भाची परतली, तर सगळ्यांदेखत तेच साहेब तिला विचारतात, "कोणाला विचारून गेला होतात?"

कौतुक आलं तर यांचं, ठपका आला तर तिचा. अरे, 'हो' म्हणवत नसेल तर 'नाही' म्हणायची तरी धमक दाखव. ती खालमानेने ड्रॉइंगला बसली. मला ते बघवेना.

आज पुन्हा बुधवार. ती साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"सर, सोमवारी पोरांची परीक्षा आहे. मी चाललेय. हो की नाही ते सांगा."

"जा हो. मी कुठे अडवलंय?"

"मग तेच सगळ्यांसमोर म्हणा."

साहेब पेपरवेट फिरवत बसले. ती परत आली आणि तिने मला खुर्चीवरून उचललं. तेवढ्यात साहेब लगबगीने मागे आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, निदान स्वेटर तरी राहू द्या."

बाहेर ऊन रणरणत होतं. तरी तिने मला अंगात घातलं, वरपर्यंत बटणं लावली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या दाराने निघाली.

आता मी वर्गात आहे. घामाने भिजलोय, बाहीला खडू लागलाय. तिची नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. तिकडे खुर्ची रिकामी आहे. बाई कुठे गेल्या, ते कृपा करून साहेबांनाच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.