शामकांतरावांचं कोडं

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले शामकांतराव रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं बॉलपेनने भरतात. पेन्सिल ही चुकणाऱ्यांची सोय आहे असं त्यांचं मत आहे. एकही चौकोन रिकामा राहत नाही. शब्दाचा अर्थ जुळला नाही तरी चालतं, अक्षरं जुळली पाहिजेत. ‘रामाचा भाऊ, तीन अक्षरे’ असं विचारलं तर ते रावण लिहितात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. नोकरीतही त्यांनी एकही रकाना कधी कोरा सोडला नव्हता.

भरलेलं कोडं दुपारी त्यांच्या पत्नीच्या, इंदूताईंच्या हाती येई. इंदूताई सकाळच्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. त्यांनाही कोड्याचं वेड, पण चोवीस वर्षांत त्यांना कोरं कोडं असं मिळालंच नाही. जे मिळे त्यात घोड्याच्या पाठीवर पलंग असे. चुकीचा शब्द तसाच सोडून झोपणं शिक्षकाला जमत नाही, म्हणून त्या तेच निळं पेन घेऊन पलंगाचं खोगीर करत. आधी अक्षर ओळखायचं, मग ते गिरवून दुसऱ्या अक्षरात दडवायचं, मग त्याला अडून बसलेले उभे शब्द सोडवायचे. एका कोड्याला दोन-अडीच तास लागत.

दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तरं येत. शामकांतराव कालचा अंक शेजारी ठेवून ताडून पाहत. सगळं बरोबर असे.

“माझं अक्षर घाईत जरा जाड येतं,” एवढंच ते म्हणत. मग फिरायला जात आणि कालव्याच्या पुलावर याकोबसरांना गाठत. याकोबसर मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांचे रोज दोन-तीन शब्द चुकत.

“सर, शब्दसंपत्ती वाढवा,” शामकांतराव सांगत.

“तुमच्याकडूनच उसनी घेतो,” याकोबसर म्हणत.

इंदूताई निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्या सोमवारी त्या म्हणाल्या, “अहो, उद्याचं कोडं मला कोरं हवंय.”

“कोरं? अगं, जड जाईल तुला. मी असं करतो, सोपे सोपे शब्द भरून देतो. उरलेले तू कर.”

“सगळंच मला करायचंय.”

“हो, उरलेलं सगळं तूच कर ना.”

मंगळवारी ते कोडं पूर्ण भरलेलं आलं. काही उरलंच नव्हतं, असं ते म्हणाले. इंदूताईंनी पेपर घडी करून कपाटावर ठेवला. पेन हातात घेतलं नाही.

बुधवारी शामकांतरावांचे अकरा शब्द चुकले, गुरुवारी चौदा. शुक्रवारी त्यांनी नाश्ता सोडून चष्मा दोनदा पुसला.

“पेपरवाल्यांनी माणूस बदललेला दिसतोय. उत्तरं चुकीची छापतायत.”

“असेल,” इंदूताई पोळी लाटत म्हणाल्या.

“याकोबसरांचं मात्र जुळतंय म्हणे. ते बहुतेक उत्तरं बघून लिहितात. मिशनमधला माणूस, पण काय करणार.”

शनिवारी त्यांनी संपादकांना दोन पानी पत्र लिहिलं. रविवारी पत्राला उत्तर आलं नाही म्हणून पेपर बंद करायचं ठरवलं, आणि फाटकाशी पेपर टाकणाऱ्या बन्सीला तसं सांगितलं.

“बंद? काकूंना इचारलं का?” बन्सी म्हणाला.

“पेपर माझ्या नावावर आहे.”

“तसं न्हवं, काका. तो पेपर काकूच वाचत्यात जास्ती. तुमी नुसतं त्येच्यावर लिवता.”

इंदूताई ओल्या हातांनी बाहेर आल्या. “बन्सी, त्यांच्या नावाचा बंद कर. उद्यापासून माझ्या नावाने टाक. टाकूही नकोस, माझ्या हातात दे.”

सोमवारी सव्वासहाला पेपर त्यांच्या हातात पडला. चहाचं आधण न ठेवता त्या पायरीवर बसल्या. कोडं पांढरंशुभ्र होतं. नऊ मिनिटांत सुटलं. त्यांनी पान उलटून पाहिलं, मागे आणखी काही आहे का म्हणून. मागे कांद्याचे भाव होते.

अंघोळ करून त्या परत आल्या तर शामकांतराव पायरीवर त्यांचं कोडं घेऊन बसले होते आणि हातात बॉलपेन होतं.

“काय करताय?”

“तपासतोय. बरंच बरोबर होतं तुझं. ‘लग्नात डोक्याला बांधतात, चार अक्षरे’ तेवढं चुकलं होतं.”

“मुंडावळी होतं ते.”

“हेलमेट केलं मी. हल्ली नवरदेव मोटारसायकलवर येतात. राहू दे, कुणाला सांगणार नाही मी.”

इंदूताई त्यांच्या शेजारी बसल्या. मग एखाद्या मुलाला नापास झाल्याचं सांगावं तसं हळू सांगितलं.

“चोवीस वर्षं मी तुमचे शब्द दुपारी बदलत आले. गेल्या मंगळवारपासून बदलले नाहीत.”

शामकांतरावांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

“रोज?”

“रविवारीसुद्धा.”

“याकोबसरांना माहीत आहे?”

“नाही.”

त्यांनी हेलमेटकडे पाहिलं. “बन्सीला दोन अंक टाकायला सांगतो. एक कोरा, तुझा. त्याला मी हात लावणार नाही.”

“बरं.”

“माझा मी भरून झाला की टेबलावर ठेवत जाईन,” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “दुपारी.”

“कपाटात ठेवा. मला बघायचाही नाही.”

मंगळवारी इंदूताईंचं कोडं साडेसहालाच सुटलं. त्यानंतर त्यांनी डबे पुसले, अपूर्वाला, म्हणजे पुण्याच्या मुलीला फोन केला, जुने नकाशे काढून परत गुंडाळून ठेवले. बारा वाजता टेबलावर दुसरा अंक दिसला. दोनदा त्या टेबलाजवळून सरळ निघून गेल्या. तिसऱ्यांदा नुसतं वरून वाचलं. ‘रात्री चमकणारा किडा, तीन अक्षरे.’ दर जूनला भंडारदऱ्याला जाऊन काजवे बघून येणाऱ्या माणसाने तिथे ठळक अक्षरांत कंदील लिहिलं होतं.

“काय हो हे,” त्या भिंतीला म्हणाल्या, खुर्ची ओढली आणि निळं पेन उचललं. अडीच वाजेपर्यंत त्यांना कुणी हाक मारली नाही.