तोंड नको, पाठ बघा

दातांच्या डॉक्टरला सगळं पाठ होतं. गालिच्याचे उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. एक गाठ दोन्ही उभ्या धाग्यांना सारखं कवेत घेते, दुसरी एकाला मिठी मारते आणि शेजारच्याच्या नुसती मागून सटकते. चालता-बोलता तो हेच घोकत होता. परवा तर एका बाईंचा जबडा उघडून तो तंद्रीत "गाठ दोन्हीकडून आहे" असं पुटपुटला आणि त्या बाई किंचाळून खुर्चीतच उठून बसल्या. त्यांची समजूत घालता घालता बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

या सगळ्याचं कारण एक रफूवाली. जुने गालिचे दुरुस्त करणारी ही मुलगी त्याच्याकडे अक्कलदाढ काढायला आली होती. दाढ तिची निघाली, अक्कल मात्र त्याची गेली. तीही काही कमी नव्हती. जखम भरून आल्यावरसुद्धा ती दर आठवड्याला "जरा ठणकतंय" म्हणत यायची.

अडचण होती तिच्या बाबांची. ते जुन्या इराणी गालिच्यांचे पारखी. गालिचा समोर अंथरला की ते फुलं बघत नसत, रंग बघत नसत, सरळ कोपरा उलटा करत. "तोंड नको, पाठ बघा. तोंड खोटं बोलतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लेकीनं दातांच्या डॉक्टरचं नाव काढल्यावर ते उसळलेच. "जन्मभर लोकांची तोंडं बघणारा माणूस! त्याला कसली पारख? येऊ दे एकदा. एक गालिचा पुढे टाकतो. त्यातलं खरं काय ते सांगितलं तर पुढचं बोलू, नाहीतर रामराम."

"बाबांनी तोंड फिरवलं तर मला हे लग्न गोड लागायचं नाही रे," रफूवाली डॉक्टरला म्हणाली. "आणि ऐक, दात हा शब्द काढायचा नाही. तुझ्या जातभाईंना ते टरकून असतात."

रविवारी सकाळी डॉक्टर नवे मोजे घालून हजर झाला. पारख्यांनी दार उघडलं आणि लवंगेचा वास आला. त्यांचा उजवा गाल टम्म फुगलेला होता. डॉक्टरची जीभ नुसती वळवळली. खालची मागची दाढ, त्यानं मनात म्हटलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

रफूवालीनं बाबांच्या कारखान्यातला एकूण एक गालिचा त्याच्याकडून तपासून घेतला होता. त्यातला कुठलाही पुढे आला असता तरी गडी तयार होता. पण पारखी जागचे हलले नाहीत. त्यांनी पायाखाली बोट दाखवलं.

"हा सांगा. माझा पहिला गालिचा. संसाराच्या आधीपासून माझ्याकडे आहे. एक धागा बदललेला नाही, टोकांच्या दशासुद्धा मूळच्या."

कोपऱ्यात बसलेल्या रफूवालीच्या आईच्या हातातलं विणकाम खाली पडलं. रफूवालीचा चेहरा पांढराफटक झाला. डॉक्टरला वाटलं, शिकवलेल्याबाहेरचा प्रश्न आला म्हणून घाबरल्या असतील. मग काय, त्याच्या अंगात वीरश्रीच संचारली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गालिचा पालथा केला.

"गाठींच्या दोन ओळींमध्ये बाणा एकदाच फिरलाय," तो म्हणाला. "म्हणून मागून ताण्याचे पांढरे ठिपके दिसतात, एकाआड एक. गाठ दोन्ही धाग्यांना धरते."

"अस्सं! म्हणजे तुर्की म्हणायचा," पारखी मिशीतल्या मिशीत हसले.

"नाही काका. गाठीला तुर्की म्हणतात, पण हमदानकडच्या खेड्यांतही तीच मारतात. आणि ही एकेरी बाण्याची पाठ तिकडचीच. गालिचा इराणीच आहे."

पारख्यांची एक भुवई वर गेली. लेकीकडे बघून त्यांनी मान डोलावली. डॉक्टरला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. इथेच थांबला असता तर बेडा पार होता. पण उतावळा नवरा तो, गुडघ्यांवरच सरपटत दशांपाशी पोचला.

आई खोकली. रफूवाली खोकली. पुन्हा आई खोकली. घरात साथ आल्यासारखं झालं. डॉक्टरचं लक्षच नव्हतं. गालिचा संपतो आणि दशा सुरू होतात त्या रेषेवरून त्याचं नख फिरत होतं. ही हालचाल त्याला गालिच्यांनी शिकवलेली नव्हती, रोजच्या धंद्यानं शिकवली होती. नख अडलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरेच्चा, ही तर कवळी आहे!"

"काय म्हणालात?" पारख्यांनी विचारलं.

डॉक्टरनं वर पाहिलं. आईनं डोळे मिटले होते. रफूवालीनं कपाळाला हात लावला होता. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे... तसं काही नाही... माझीच काहीतरी..."

"पाठ दाखवून पळताय?" पारखी गरजले. "दिसलं ते बोला!"

खोटं बोलावं तर परीक्षा बुडते, खरं बोलावं तर सासू बुडते. त्यानं रफूवालीकडे पाहिलं. ती हताशपणे म्हणाली, "बोल बाबा आता."

"काका, खरा दात हिरडीतून वर येतो. दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, त्या गालिच्याच्या पोटातून यायला हव्यात. या काठावर बसवल्या आहेत. पण काय बसवल्यात! मला अशी कवळी आजवर साधलेली नाही."

पारखी चष्मा लावून खाली बसले. काठ उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"झाडायच्या मशीननं गिळल्या हो," आई शेवटी म्हणाली. "तुम्ही परगावी होता. मी रडत बसले, आणि हिनं कामाचं सामान काढलं."

"मी नुकती शिकत होते, बाबा," रफूवाली म्हणाली. "तुम्ही कोपरा उलटा कराल, मग कळेल, मग बोलणी खाऊ, असं म्हणत राहिलो. तुम्ही उलटा केलाच नाही."

"जगाचे गालिचे उलटे केले," पारखी हळूच म्हणाले, "आणि घरातल्यावर नुसते पाय ठेवून बसलो." त्यांना वाईट वाटलं होतं, ते लपत नव्हतं. मग अंगठा लेकीच्या टाक्यांवरून फिरला आणि चेहरा पालटत गेला. "नुकती शिकत होतीस? मला फसवलंस? मला?" आणि ते हसायला लागले. आधी मिशीत, मग पोटातून, मग तोंड आ करून गडगडाटी. आई हसली, रफूवाली हसली, डॉक्टर तर गालिच्यावर आडवाच झाला.

"आई गं!" हसता हसता पारख्यांनी गाल धरला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ते उठले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. डॉक्टरला जवळ बोलावून त्यांनी त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली.

"पाठ पक्की आहे," ते म्हणाले. "आता बघा तोंड."

रफूवालीनं बॅटरी धरली. पारख्यांनी खुर्चीचे हात आवळले, मोठ्ठा आ केला आणि डॉक्टरचं बोट आत गेल्यावर काहीतरी बोलले.

"हऊ आं, आवईआऊ."

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"कोण जाणे," रफूवाली म्हणाली.

पण उघड्या तोंडांशी गप्पा मारण्यात ज्याची उमर चालली होती, त्याला शब्दन्‌शब्द कळला होता. डॉक्टरचे कान लाल झाले आणि त्याला बोट बाहेर काढून क्षणभर थांबावं लागलं.

"'हळू हं, जावईबापू', असं म्हणाले," तो म्हणाला.