कानापाशी थांबलेलं नाव

मित्रांनो, माझ्या कडेवरून बोट फिरवून बघा, चिमुकल्या दातांचे ठसे लागतील. मी मिरजेतला एक म्हातारा पाळणा. तंबोरे घडवणाऱ्या कारागिराकडे उरलेल्या लाकडातून मला घडवलं, म्हणून की काय, झोका दिला की माझ्या पोटात सूर घुमतो. माझे तंबोरे-भाऊ मैफलींत गाजले आणि मी बाळं निजवली. सांगा बरं, मोठं कोण?

माझे धनी केरबा, दवाखान्यातले कंपाउंडर. घर ख्रिस्ती झालं, पण नाव जुनंच राहिलं. त्यांच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हे झाले तसं तिनं यांना केरात ठेवून उचललं. कचरा कोण चोरून नेणार?

केरबांना नावांचा भारी नाद. झोका देता देता ते शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, नावांचे अर्थ सांगत. इसहाक म्हणजे हसणारा, कारण म्हातारपणी पोर होणार हे ऐकून त्याच्या आईला हसू फुटलं. इब्री, म्हणजे जुन्या यहुदी लोकांत नाव म्हणजे नुसती हाक नव्हे, आईबापाच्या मनातली गोष्टच. त्यांच्या थोरल्या मानसिंगाचं नाव आजीनं हट्टानं ठेवलं, पण धाकटीला केरबांनी हन्ना म्हटलं. हन्ना म्हणजे कृपा.

मुलं मोठी झाली आणि मला माळ्यावर टाकून माझ्यात कांदे भरले. कांदे, मित्रांनो! कौलांच्या फटीतून ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, कुणीतरी झोका देतंय.

मग मोठी लढाई आली. मानसिंग पलटणीबरोबर साता समुद्रापार गेला आणि त्याची खबर थांबली. इकडे त्याची बायको लीलाबाई बाळंत झाली, मुलगा झाला. मला खाली उतरवून, घासून, तेल लावलं. काय सुख ते!

घर ख्रिस्ती असलं तरी आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचाच. शाळकरी हन्ना नवं लुगडं सावरत उभी राहिली. नाव लीलाबाईनं ठरवलं होतं: बेनओनी. शास्त्रातल्या राहेलनं मरता मरता आपल्या बाळाला हेच नाव दिलं होतं. अर्थ, माझ्या दुःखाचा पुत्र.

केरबा खूश झाले. "लय झ्याक. वंगाळ नावाला नजर लागत न्हाई. माझंच बघा की, केर हाय, पर साठी गाठली."

शेजारणी हसल्या. हन्ना वाकली. तिचा श्वास बाळाच्या कानापाशीच थांबला, तो मला कळला.

"वैनी, आजीनं केर म्हटलं ते पोर जगावं म्हणून. तुमी कशापायी म्हणताय?"

लीलाबाई माझी दोरी नुसती चाळवत राहिली. मग म्हणाली, "ते येणार न्हाईत, वन्सं. म्हणून."

केरबांचं हसू विरून गेलं. सून लेकराला नजरेपासून राखतेय असं ते समजत होते, आणि तिनं तर आशाच सोडली होती.

हन्नानं मान वर केली. "राहेलनं नाव ठिवलं, पर पोराच्या बापानं, याकोबानं, ते बदललं. बाबा, तुमीच सांगितलंय. मग दादा आल्याबिगर मी काय सांगणार न्हाई."

बिननावाचं बारसं कुणी ऐकलंय का, अशी कुजबुज झाली. केरबांनी घुगऱ्या वाटायला घेतल्या.

पोर नुसतंच बाळ राहिलं. पाय माझ्याबाहेर यायला लागले तरी बाळच. लीलाबाई झोका देताना आता दाराकडे बघायची. आधी ती तिकडे मान वळवत नव्हती.

लढाई संपली, आणि एका दुपारी दारात मानसिंग उभा होता. सदऱ्याची उजवी बाही रिकामी, खांद्याशी टाचलेली. तो माझ्यापाशी बसला आणि डाव्या हातानं वेडावाकडा झोका दिला. माझा सूर घुमला. हन्नानं त्याला सगळं सांगितलं.

"मग याकोबानं काय ठिवलं?" त्यानं विचारलं.

"बन्यामीन," केरबा म्हणाले. "म्हंजी उजव्या हाताचा पुत्र." आणि त्यांची नजर लेकाच्या रिकाम्या बाहीवर गेली.

बाळानं ती बाही टाचणीतून ओढून मुठीत धरली होती. मानसिंग त्या मुठीकडे बघत राहिला.

"सांग हन्ना," तो म्हणाला, "त्याच्या कानात."

मित्रांनो, माझ्यात पुन्हा कांदे भरले तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या नावाची गोष्ट घरात कुणाला तरी ठाऊक असेल. ते माणूस आहे तोवर, त्याच्याजवळ बसून ती विचारून घ्या.