शुक्रवारचा गिअरबॉक्स

भिवंडीत शुक्रवारी माग बंद. एरवी दिवसभर अशी खटखट चालते की माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये, आणि प्रभाकररावांना तेच बरं वाटे. शुक्रवारी मात्र सकाळपासून गावाची वाचा गेलेली असे. घरात घड्याळाची टिकटिक तेवढी उरे. नगरपालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. बायको विद्युल्लता देवाघरी, मुलगी नागपूरला दिलेली. "एकटा जीव सदाशिव! मजा आहे तुमची," शेजारी म्हणत. म्हणणाऱ्याचं काय जातं?

कुणाकडे सहज जाऊन बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. काम असेल तर जावं, काम झालं की उठावं. कामाशिवाय दुसऱ्याच्या दारात उभं राहणं त्यांना भीक मागण्यासारखं वाटे. खुळाच बाणा, पण त्यांनी तो नोकरीइतकाच इमानाने पाळला होता.

नशिबाने त्यांच्याकडे एक काम होतं. ते अंगणात ताडपत्रीखाली उभं होतं. अठ्ठावन्न सालची मॉरिस मायनर मोटार. विद्युल्लताबाईंच्या आजारपणातच तिचा गिअरबॉक्स फुटला होता. मेस्त्री म्हणाला, "नवा आता विसरा. जुना, पण ह्याच मॉडेलचा मिळाला तर बसवून देतो." तेव्हापासून दर शुक्रवारी प्रभाकरराव कशेळीला जाऊ लागले.

तिथे खाडीच्या अंगाला केसरीनाथचं भंगाराचं आवार होतं. बापजाद्यांच्या भातशेतात तो जुन्या गाड्या मोडी. उपयोगाचे भाग विकायचे, बाकीचं लोखंड ट्रकने भट्टीकडे.

गिअरबॉक्स ओळखायची रीत प्रभाकररावांनी स्वतःच बसवली होती. फुटक्या गिअरबॉक्सचं इंजिनाला टेकणारं तोंड कॅलेंडरच्या जाड कागदावर दाबून त्यांनी बोल्टांची भोकं कापून घेतली होती. समोर आलेल्या गिअरबॉक्सला आधी हा कागद लावायचा. भोकं जुळली तर बाजू बघायच्या. त्यांच्या मॉडेलच्या बाजू सपाट, नंतरच्या मॉडेलला बरगड्या. मग शाफ्ट बोटांनी फिरवून एकेक गिअर टाकून बघायचा. फियाटचे आले, अँबॅसडरचे आले, एकदा बरगड्यावालाही आला.

"हा नव्हे," प्रभाकरराव हात पुसत म्हणत.

"म्हंजे पुढल्या शुक्रवारी येशाल, भाऊसाहेब," केसरीनाथ हसे.

"यावंच लागणार, काय करता!" हे ते मोठ्या त्राग्याने म्हणत, आणि घरी जाताना पायांत बळ असे. त्याआधी केसरीनाथची बायको कमळ जेवायला वाढी. भाऊसाहेब बामण, म्हणून बोंबील बाजूला ठेवून ती मुद्दाम त्यांच्यासाठी वाल भिजत घाली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. हे जेवण गिअरबॉक्सच्या शोधाचाच भाग आहे, अशी प्रभाकररावांनी मनाची समजूत घातली होती.

एका शुक्रवारी आवारात ट्रक भरणं चाललं होतं. केसरीनाथने गोणपाटात गुंडाळलेलं धूड त्यांच्यासमोर आणून ठेवलं. "बगा भाऊसाहेब. ह्यो कंचा?"

प्रभाकररावांनी कागद लावला. सगळी भोकं जुळली. बाजूंवरून हात फिरवला, सपाट. शाफ्ट फिरवून पहिला टाकला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. एकही दात कुरकुरला नाही. तोच होता.

आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मेस्त्री हा बसवणार, गाडी सुरू होणार, आणि पुढच्या शुक्रवारी? कशेळीला यायचं ते काय सांगून? त्यांच्या बोटांनी कागद हळूच अर्धं बोट सरकवला.

"भोकं जुळत नाहीत," ते म्हणाले.

केसरीनाथने वाकून बघितलं. "न्हाय? मना वाटला ह्योच."

"हा नव्हे."

"तुमची पारख ती खरी. मना काय कलतंय?" असं म्हणून केसरीनाथने स्वतःच गिअरबॉक्स उचलला आणि ट्रकमध्ये टाकला. ट्रक भरलाच होता. तो धूळ उडवत पुलाच्या दिशेने गेला.

मग जेवणानंतर चहा घेताना केसरीनाथ म्हणाला, "जागा दिली, भाऊसाहेब. गोदामवाल्याला. सोमवारी पत्रे ठोकतील. आमी वज्रेश्वरीला ऱ्हायला जातो, कमळच्या माहेरची जमीन हाय."

प्रभाकररावांनी पुलाकडे पाहिलं.

"म्हनून तर जव्हारवरून त्यो गिअरबॉक्स आनला. बोललो, भाऊसाहेबांची गाडी चालू झाली तर येतील शुक्रवारचे आमच्याकडं. न्हाय तर तुमी कवा येनार? काम बगून येनारा मानूस तुमी."

आता बोलायला हवं होतं. पण ट्रक पुलापलीकडे गेला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. प्रभाकररावांनी चहा संपवला, कागदाची घडी केली आणि उठले. त्या दिवशीचं वालाचं बिरडं त्यांना जेमतेम दोन घास गेलं होतं, हे कमळने पाहिलं होतं.

पुढच्या शुक्रवारी माग थांबले आणि ते घरातच बसून राहिले. दुपारी उठून त्यांनी ताडपत्री झटकली, पुन्हा गाडीवर घातली आणि आत येऊन रडले. बायको गेली तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांनी खुंटीवरचा कागद काढला, थोडा वेळ हातात धरला, परत अडकवला आणि वज्रेश्वरीची एसटी पकडली. बसमध्ये त्यांनी कारणं जुळवली. गुडघे दुखतात, गरम पाण्याच्या कुंडात बुडवायला आलो. देवीचं दर्शन राहिलं होतं. इकडे कुणी जुनी गाडी मोडतंय का, विचारायला आलो. एकाहून एक अब्रूदार कारणं.

विचारत विचारत ते पोचले, तेव्हा केसरीनाथ नव्या घरापुढे कुंपण बांधत होता. हातातला काथ्या तसाच टाकून तो धावत आला. "भाऊसाहेब! कागद आनलाव का? हितं भंगार न्हाय आता."

"कागद घरीच आहे."

"मग काय काम काढलंत?"

सगळी कारणं जिभेवर आली होती. त्यांतलं एकही बाहेर पडेना.

"काम काही नाही, केसरीनाथ," प्रभाकरराव म्हणाले. "घरी करमत नाही. म्हणून आलो."

 केसरीनाथने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि घराकडे तोंड करून ओरडला, "कमळ, भाऊसाहेब आलं! वाल हायत का गो?"

"हायत की," आतून कमळ म्हणाली. "गेल्या शुक्रवारी बी भिजत घातलं व्हतं. वाट बगून आमीच खाल्लं."