लुक इन्टू

पाणीपुरवठा कार्यालयातले मोठे साहेब प्रत्येक तक्रारीवर दोनच शब्द लिहीत: लुक इन्टू. खालचे साहेब त्याखाली तेच लिहीत आणि मग तो कागद कपाटात सुखाने निवृत्त होई. या शब्दांचा तिथला अर्थ शिपायालाही पाठ होता.

आवक-जावकच्या टेबलावर बदलून आलेल्या बाईंना मात्र तो कुणी सांगितला नव्हता. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण काम चोख. शेजारच्या वसाहतीतून पाण्याला घाण वास येत असल्याची तक्रार आली आणि त्या दोन शब्दांसह उतरत उतरत बाईंपर्यंत पोचली. संध्याकाळी त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला अर्थ विचारला. ती म्हणाली, लुक म्हणजे बघणं, इन्टू म्हणजे आत, पण दोन्ही जोडले की होतं चौकशी करणं.

"आत न बघता चौकशी कशी होते गं?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाई थेट वसाहतीच्या टाकीवर चढल्या. अशी पद्धत नाही, असं पहारेकरी खालून सांगत राहिला. झाकण सरकवून त्या आत डोकावल्या, तर कबुतर मरून फुगलेलं. पहारेकऱ्याला हाताशी धरून त्यांनी ते काढलं, टाकी धुऊन घेतली आणि कागदावर लिहिलं: आत बघितलं. कबुतर होतं. काढलं.

कार्यालयावर जणू आभाळ कोसळलं. निकाली निघालेली तक्रार कुठल्या रजिस्टरात नोंदवायची, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यात वसाहतीतले लोक आभार मानायला आले ते आसपासच्या टाक्यांच्या आणखी सदतीस तक्रारी घेऊन. मोठ्या साहेबांनी हसतमुखाने आभार स्वीकारले आणि लोक जाताच बाईंना बोलावलं.

"टाकीत बघायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच, साहेब. सही आहे तुमची."

विचार करून साहेबांनी सदतीसही कागदांवर नवे शब्द लिहिले: हँग ऑन.

लेकीने याचे दोन अर्थ सांगितले. एक, जरा थांबणं. दुसरा, घट्ट धरून ठेवणं, सोडायचंच नाही. बाईंना दुसरा पटला.

सकाळी दहालाच त्या सगळे कागद घेऊन साहेबांसमोर खुर्ची ओढून बसल्या. जेवायलाही तिथेच बसल्या. साहेब उठले की त्याही उठत. पाच वाजेपर्यंत साहेबांनी नऊ टाक्या धुण्याचे हुकूम काढले, निदान आज तरी एकट्याने घरी जायला मिळावं म्हणून.